जिथे आहात तिथेच उभे राहा

सर दोन बोटं वर करायचे. तर्जनी आणि मधलं, एकमेकांना चिकटलेली. "सारखी दिसतात ना? आता एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्या बघू." मग ती बोटं हळूच फाकवायचे. इंग्रजीतले जवळजवळ सारख्या अर्थाचे दोन शब्द समजावण्याची ही त्यांची शाळेतली रीत. निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त झाली नाहीत.

गेल्या सिंहस्थात गोदाकाठच्या हरवले-सापडले केंद्रात लाऊडस्पीकर माझा होता आणि आवाज सरांचा. माझा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा, दुकान पंचवटीत. सर सेवा म्हणून आलेले. मला नावाने हाक मारत नसत. "माइकराव" म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे लिहिलं लॉस्ट, दुसरीकडे मिसिंग.

"सर, शेवटी दोघं हरवलेलेच ना?" एक स्वयंसेवक म्हणाला.

बोटं वर गेली. "लॉस्ट म्हणजे हा आपल्यासमोर बसलेला आजोबा. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. मिसिंग म्हणजे ज्याचा घरच्यांना पत्ता नाही. तो स्वतः कुठेतरी मजेत भजी खात असेल. पहिल्या वेळी धीर त्या माणसाला द्यायचा. दुसऱ्या वेळी त्याच्या घरच्यांना. मराठीत दोघंही हरवलेले, म्हणून आधी कुणाशी बोलायचं तेच आपण विसरतो."

मग माझी परीक्षा. "माइकराव, बायकोला न सांगता सिनेमाला गेलात. तुम्ही कोण?"

"मिसिंग, सर."

"आणि घरी परत आल्यावर?"

"तेव्हा लॉस्ट!"

त्यांचं हसू माइकमधून थेट रामकुंडापर्यंत गेलं.

सुरगाण्याकडची एक म्हातारी आली होती. नवरा गर्दीत सुटला होता, पण त्याचं नाव काही केल्या घेईना. नुसतं "आमचे ते" आणि तोंडाला पदर. बाकीचे वैतागले. सर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले, चहा मागवला. "पोराचं नाव सांगा, मावशी." ते तिने चटकन सांगितलं. सरांनी माइक घेतला आणि सगळी गर्दी सोडून त्या एकट्या माणसाशी बोलल्यासारखे बोलले.

"लक्ष्मणचे वडील, घाबरू नका. लक्ष्मणची आई इथे आमच्याजवळ चहा पितेय. तुम्ही शोधत फिरू नका. जिथे आहात तिथेच उभे राहा. आम्ही येतो."

म्हातारा एका पुलाच्या खांबाला टेकून उभा असलेला सापडला. तुम्ही त्या दिवसांत घाटावर असाल, तर ते वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. माइक बंद करून सर मला म्हणाले, "लॉस्ट माणूस चालायला लागला की मिसिंग होतो."

मेळा संपला, मंडप सुटले, पण सर माझ्या दुकानावर येत राहिले. संध्याकाळी स्टुलावर बसून विचारायचे, "सांगा माइकराव, मी लॉस्ट की मिसिंग?" मी म्हणायचो, "मिसिंग! वहिनी वाट बघतायत, पळा म्हसरूळला." आमचा ठरलेला विनोद होता तो. पुढे पुढे एका चहात तो दोनदा व्हायला लागला. मग तीनदा. मी हसून तेच उत्तर द्यायचो. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. आपण म्हणतो, वय झालं.

त्या दुपारी मी निमाणी बसस्टँडसमोर टेम्पोत बॉक्स चढवत होतो. लग्नाची ऑर्डर होती, उशीर झाला होता, पार्टीचे फोनवर फोन येत होते. सर समोर आले. हातात रिकामी पिशवी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"माइकराव, मी लॉस्ट की मिसिंग?"

"मिसिंग!" मी मान वर न करता म्हणालो. "जा सर, वहिनी ओरडतील."

"हीच ना आपली गाडी?"

"हो हो, बसा."

मी बसची पाटी वाचली नाही. हात धरून त्यांना पायरीवर चढवलं, खिडकीजवळ बसवलं आणि टेम्पोकडे धावलो. टेम्पो चालू करताना कंडक्टर ओरडत होता, "पेठ, पेठ!" मी ऐकलं. गाडी म्हसरूळची नव्हती, गुजरातच्या वाटेवरच्या पेठ गावची होती. मनात आलं, पुढच्या नाक्यावर उतरतील. टेम्पोतून उतरून त्यांना परत आणायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

रात्री वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. आसपास गल्लीतली माणसं. "भाऊजी, तुम्हाला दिसले का हो हे?"

ज्याच्या लाऊडस्पीकरवरून माणसं घरी पोचली, त्यानेच सरांना चुकीच्या गाडीत बसवलं, हे त्या घोळक्यासमोर तोंडातून निघेना. "नाही," म्हणालो. सकाळी खरं सांगू, असं ठरवलं होतं. सकाळी ते अधिक अवघड झालं होतं.

गोदेत गळ टाकून पाहिले. नाशिकरोड स्टेशन पाहिलं, मनमाडपर्यंत माणसं जाऊन आली. मीसुद्धा सगळीकडे फिरलो, आवाज बसेपर्यंत हाका मारल्या. पेठ रस्त्याने कुणी गेलं नाही. मी एकटा गेलो, आठवड्यानंतर. पेठच्या स्टँडवर फोटो दाखवत फिरलो. लोक नुसते माना हलवत होते.

पोलिसांनी मिसिंग अशी नोंद केली. वहिनी मला म्हणाल्या, "आपल्यासाठी मिसिंग. पण ते लॉस्ट असतील हो. कुठेतरी उभे असतील. त्यांना वाटत असेल, आपण येतोय."

तरीही मी बोललो नाही. त्यानंतर बरीच वर्षं बोललो नाही.

आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. हरवले-सापडले केंद्रासाठी लाऊडस्पीकर द्याल का, म्हणून माणसं दुकानात आली. मी त्यांना थांबा म्हणालो आणि तसाच म्हसरूळला गेलो. वहिनी आता फार थकल्यात. समोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्टँड, गाडी, पेठ, ते "नाही".

त्या ओरडतील म्हणून मी खाली बघत होतो.

मग त्यांनी विचारलं, "खिडकीपाशी जागा मिळाली होती?"

"हो," मी म्हणालो.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना गाडी लागायची."