इवाई अन तापातला आकडा

साऱ्या भिलाईत लेकराच्या तोंडाकडं न पाहता त्याच्या रक्ताचीच विचारपूस करणारा माणूस एकच, अन तो नेमका आमचा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, सुनेचे वडील; तेही मले इवाईच म्हणतात. त्यायचा जन्म दवाखान्याच्या लॅबमधी काचपट्ट्या पाहण्यात गेला. लोक पोराले विचारतात, कितवीत आहेस? हे विचारतात, "हिमोग्लोबिन किती?" भिलाई-तीनहून स्कूटरवर आमच्या सेक्टर दोनमधी आले का पोरं दुरूनच ओरडतात, "नानाजी, साढे बारह!" अन हे पाठ थोपटतात. एका लग्नात तर त्यायनं नवरदेवाच्या भाच्याच्या हातातला कप हिसकला, कावून तर पोरगा जेवणावर चहा पिऊन राहिला होता. "अरे बाप्पा, चहा लोह अंगाले लागू देत नाही!" नवरदेवाची माय अजून त्यायच्याशी बोलत नाही.

मी चौथी नापास. पण जिंदगी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यायच्या धगीत काढली, म्हणून कोणी शिकवलेलं मले चालत नाही. गेल्या पावसाळ्यात आमची नात थंडी वाजून तापली. मी म्हणलं हवेचा ताप, इवाई म्हणले मलेरिया. मलेरियाच निघाला. तेही मी सोसलं. पण रक्ताच्या कागदावर साठ्याच्या लोहाचा, म्हणजे अंगात साठून असलेल्या लोहाचा आकडा चांगला मोठा आला, असं नर्सबाईनं सांगितलं. मंग काय! सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणले. "आमच्या घरची पोर आहे, लोहात कमी नसते!"

इवाई म्हणले, "पेढे ठेवा. तापात हा आकडा फुगते. हिमोग्लोबिन पाहा, किती पडलं ते. ताप गेल्यावर पुन्हा तपासा लागते."

"तुमचीच नात, अन तुमालेच तिचं चांगलं पाहवत नाही?" असं म्हणून मी क्वार्टरच्या साऱ्या लाइनीत पेढे वाटले. त्यायनं एकही नाही खाल्ला.

ताप उतरला. मी जाहीर केलं, आता पोरीले सुई टोचायची नाही. इवाई रोज यायचे, व्हरांड्यात बसायचे, चहाले नाही म्हणायचे अन एकच म्हणायचे, "एक डाव तपासू द्या." मी रोज नाही म्हणायचो. एक दिवस पोर खेळून आली, तीन पायऱ्या चढली अन चौथीवर बसली. धापा टाकून राहिली होती. ओठ पांढरे. मी चपला घातल्या. इवायानं स्कूटरले किक मारली.

रिपोर्ट आला. मले वाटलं आता हा माणूस साऱ्या दवाखान्याले ऐकवते. पण ते माझ्या कानाशी आले. "इवाई, साठा तळाले गेला हो."

"बोला," मी म्हणलं, "काय चारू तिले?"

तेरवीच्या पंगतीतही मूग अन मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्यावर भाषण देणारा माणूस, त्यानं कागद डॉक्टरपुढं सरकवला. डॉक्टरनंच औषध लिहून दिलं.

आता पोर बरी आहे. इवायाचे गुडघे गेले, ऑटोनं येतात, तेही कधीमधी. व्हरांड्यात बसून आम्ही सकाळपासून भांडतो. पण शाळेतून आली का ती दप्तर फेकते अन पळत सुटते, तवा दोघं मधातच थांबतो. मंग कोणाचं काय म्हणणं होतं, हे ध्यानात राहत नाही.