काकूंनी फोन वावरात नेला

अन्याय झाला तो केनवडच्या भाजीवाल्या बायांवर. पोळ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी, भाजीगटाच्या सभेत. ठराव असा: बायांच्या निष्काळजीपणामुळे टेम्पो चुकतो, माल सडतो, यापुढे गटाचा फोन सचिवांकडे राहील.

शकुंतलाकाकू गटाच्या अध्यक्ष. फक्त कागदावर, असं सचिवांना वाटायचं. मी गटाची पत्रकं लिहायचे. त्यात ‘जुलमी’ आलं की काकू बोट ठेवायच्या. “शिव्या कायले देऊन राह्यली? काय झालं ते लिही. शिवी वाचणारा देते.”

तर काय झालं ते लिहिते. टचस्क्रीन फोन आपल्याकडे नुकतेच आले होते. सचिवांनी रिसोडच्या दुकानातून मोठ्या काचेचा, चकचकीत फोन आणला. बाया मेथीच्या जुड्या धूत असताना टेम्पोवाल्याचा फोन यायचा आणि ओल्या बोटाला ती काच दाद द्यायची नाही. दुपार टळली की बॅटरी संपलेली. टेम्पो परस्पर निघून जायचा. बोल बायांना.

काकू सभेत भांडल्या नाहीत. भाच्याचा लहानसा, जाडजूड टचस्क्रीन फोन मागून आणला. दिसायला ओबडधोबड, पण नखाने दाबला तरी चालणारा. सचिवांकडचा मोठाही मागून घेतला, दोन्ही पुरते चार्ज केले आणि सचिवांना म्हणाल्या, “भाऊ, दुकानात फोन नवरदेवावाणी दिसते. त्याले एक दिवस वावरात नांदवून पाहा.”

सचिव आले, पांढऱ्या शर्टात. काकूंनी त्यांना मेथी धुवायला बसवलं. टेम्पोवाल्याला आधीच सांगितलं होतं, दोन्ही फोनवर आळीपाळीने कॉल कर. मोठा वाजला. सचिवांनी बोट घासलं, शर्टाला पुसलं, पुन्हा घासलं. वाजणं थांबलं.

“उचला ना भाऊ,” काकू म्हणाल्या, “का तुमी बी निष्काळजी?”

बायांना हसू आवरेना. लहान फोन वाजला तेव्हा सचिवांनी मुकाट्याने चिखलाच्या नखाने उचलला. दुपार कलताच मोठ्या फोनने मान टाकली. टेम्पो भरून निघाला तरी लहान फोन चालूच होता.

मोठ्या फोनवर काकूंचा राग नव्हता. “घरात बसणाऱ्याले चांगलाच हाये. फोटो तं लय सुरेख येतात. पण घेताना आमाले कोणी इचारलं का, तुमी काम कुठं करता?” असा नेमका प्रश्न मला कुठल्याही पत्रकात लिहिता आला नाही.

फोन बदलला. बायांकडे परतही आला. ठराव मात्र तसाच राहिला. सचिव म्हणायचे, काम झालं ना, आता जुनं कशाला उकरता. काकू दर सभेत उभ्या राहायच्या: “फोन बदलला भाऊ. आमच्या नावाचं काय?” या माघात काकू गेल्या.

गटाच्या दप्तरी त्या आजही निष्काळजी आहेत. हे पत्रक वाचणारे तुम्ही गटाचे सभासद आहात, त्यांच्या हातच्या जुड्या तुमच्या मालासोबत एकाच टेम्पोतून गेल्या. येत्या सभेत तो ठराव रद्द केल्याशिवाय जागचे उठू नका.