मऊ फोम, कडक फोम आणि आबांच्या पोथ्या

मंडळी, पंचगंगा घाटाजवळच्या आमच्या घरात सगळ्यात वर पत्र्याची खोली आहे. तिथे माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, जुन्या पोथ्या असतात. उन्हाळ्यात खोली नुसती भट्टी होते. म्हणून आज पत्र्याला आतून मशीनने उष्णता अडवणारा फोम मारायला इर्शाद मिस्त्रींना बोलावलं.

मी मऊ फोम ठरवूनच बसले होते. दिवसभर पत्र्यावर माकडं उड्या मारतात, तो धडधडाट मऊ फोमने कमी होतो असं व्हिडिओत पाहिलं होतं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. बादली मागवली आणि मऊ-कडक दोन्ही फोमचे नमुन्याचे तुकडे पाण्यात दाबून धरले. बाहेर काढले तर मऊ तुकड्यातून पाण्याची धार! कडक तुकडा पुसला की कोरडा.

“बहनजी, छत टपकी तो ये पानी पीकर बैठा रहेगा. आपको पता भी नहीं चलेगा.”

आबा लगेच म्हणाले, “माकडं नाचू देत गं, पोथ्या भिजायला नकोत.”

ठरलं, कडक! मी म्हटलं, करा सुरू. पण मिस्त्री आधी पत्र्यावर चढले, स्क्रूजवळची दोन भोकं दाखवली आणि मशीन परत बांधून ठेवलं. “पहले ये बंद होगा, फिर फोम.”

खोली अजून तापलेलीच आहे, पण माणूस मानला!

निघताना आबा त्यांना म्हणाले, “फोम वाले दिन पोथियाँ आप ही नीचे उतारिएगा.”

वीस वर्षांत मला त्या पोथ्यांना हात लावू दिलेला नाही. आता तुम्हीच सांगा, कौतुक करू की रुसून बसू?