रेशनवाले मामा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मीही गप्पच बसणार होते… पण आमच्या यशवंतपुरातले रेशनवाले मामा जाऊन दीड महिना झाला, आणि जो तो त्यांना 'देवमाणूस' म्हणत सुटलाय. डोंबलाचा देवमाणूस! शेजारच्या काकू बातमी घेऊन आल्या तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मामा आमच्यातलेच, या कानडी मुलखात घरी मराठी बोलणारे. म्हणून तर बाबा गेल्यावर आई त्यांच्या भरवशावर राहिली. दर महिन्याला ते आधी मशीनवर तिचा अंगठा घेत आणि मग म्हणत, "स्वल्प थांब गं अक्का, स्टॉक संपला. उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेलं की पुन्हा उद्या! आम्ही दोघी बहिणी पातळ पेज पिऊन शाळेत जायचो. आई म्हणायची, मी हॉटेलात खाते. साफ खोटं. ती तिथे इडलीचं पीठ वाटायची आणि मिळायचा नुसता चहा.

एकदा शाळा सुटल्यावर तिला आणायला गेले, तर ती ग्राइंडरपाशी पोत्याकडे बघत उभी. पोत्यावर रेशनचा शिक्का. मालकाला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "तुमचे मामाच पाठवतात की." म्हणजे आमच्या तोंडचा घास आई स्वतःच्या हाताने वाटत होती… लोकांच्या इडल्यांसाठी! तशीच ओल्या हाताने ती दुकानात गेली, मी मागोमाग. मामांनी सगळ्या रांगेदेखत हसून विचारलं, "तांदळावर तुझं नाव लिहिलंय काय?" रांगही हसली. ते हसणं मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

दहाव्याला भर दुपारी त्यांचा मुलगा आमच्या दारात उभा, ओल्या धोतरात. पिंडाला कावळा शिवेना. बहिणींना सांभाळीन, दुकान चालवीन, नवस फेडीन, सगळं कबूल करून झालं होतं. मग कुणीतरी आईचं नाव काढलं. "अक्का, एकदा 'माफ केलं' म्हणा," तो हात जोडून म्हणाला. आईने त्याला पाणी दिलं. त्याचं पिऊन होईपर्यंत थांबली.

"स्टॉक संपला बाळ," ती म्हणाली. "उद्या ये."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला म्हणे. मला वाईट वाटलं का? छे! त्या दिवशी मला दोन घास जास्तच गेले.

परवा आईबरोबर रेशन आणायला गेले. मामांची 'स्टॉक नाही'ची पाटी अजून त्याच खिळ्याला आहे, फक्त उलटी लावलेली. मुलाने आईसमोर तांदूळ काट्यावर घातले आणि वर ओंजळभर जास्त टाकले. आईने ती ओंजळ उचलून त्याच्या पोत्यात परत टाकली.

"अक्का, आता तरी…" तो पुटपुटला.

आईने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

"उद्या ये."