हाजिरीतले बारावे नाव

नायब शेषेराव यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातून. मी तेव्हा मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, तहसील कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. वय वीस, मिशी कोवळी आणि घमेंड पिकलेली. रिसाल्याच्या छावणीमागच्या मैदानावर दर शुक्रवारी गावचा फुटबॉल संघ खेळे. मी उंच, म्हणून मला गोलात उभे केले. पहिल्याच दिवशी हाजिरी चालू असताना माझे नाव आले आणि मी नुसता हात वर केला. हाजिरी घेणारे ठेंगणे, जाड भुवयांचे गृहस्थ थांबले.

"हात काय दाखवायलास बे? तोंड हाय का न्हाई?"

"समोर उभा तर आहे मी. दिसतोय की!"

"दिसन्यावर माजा भरवसा न्हाई. बोल."

मला राग आला, पण "हाजिर" म्हणालो. ते वाक्य तेव्हा मला शुद्ध उर्मटपणाचे वाटले होते. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

नायबांच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, लेख लांबवू नये. दोन, 'त्या' विषयाला हात घालू नये, एकसष्टीच्या मंगल प्रसंगी तसले काही शोभत नाही. पहिली सूचना मी जमेल तशी पाळीन. दुसरी पाळली तर नायबांविषयी लिहायला माझ्याजवळ उरते काय? ते वेळेचे पक्के आहेत, निर्व्यसनी आहेत, हे बाकीची मंडळी लिहितीलच. मी आता वकील माणूस. साक्ष द्यायची तर पुरी देतो, नाहीतर कठड्यात उभा राहत नाही.

आमच्या संघाची सगळी रीत रिसाल्यातून आलेली. खेळ शिकवणारे ते वस्ताद, त्यांच्या हाताखालचे ते नायब. हाजिरीवहीत नावे लिहायची आणि खोडायची ती वस्तादांनी. नायबांनी फक्त वाचायची. वस्ताद बदलले की वही बदलायची आणि नव्या वस्तादांनी सगळी नावे पुन्हा आपल्या हाताने लिहायची. त्या वेळी वस्ताद होते रिसाल्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध जमादारसाहेब आणि नायब होते तेलगावच्या शेतकरी घरातले आमचे शेषेराव. जमादारसाहेब खुर्चीत बसून हुकूम सोडत. पोरांच्या पायात खरा खेळ घातला तो नायबांनी. पाऊस असो, ऊन असो, ते आमच्याबरोबर अनवाणी पळत आणि आमच्याआधी दमत नसत.

गुलाब हा आमचा डावा बॅक. चुन्याच्या भट्टीवर कामाला होता, त्यामुळे त्याच्या पायांना कायम पांढरी धूळ असे. मैदानावरच्या रेघाही तोच ओढी. बोलायला कमी, पण हाजिरीला त्याचा आवाज असा खणखणीत की छावणीतले घोडे माना वळवीत.

माजलगावच्या संघाशी सामना होता त्या शुक्रवारी सकाळी तो नायबांच्या दारात गेला. हे मला खुद्द नायबांनी सांगितले आहे. "नायब, अंगात लई ताप हाय. आज ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. नायब म्हणाले, "खेळू नको. पन हाजिरीला तेवढा ये. तुला बघून बाकीच्यायला धीर येईल." गुलाब म्हणाला, "येतो. तुमी नाव घ्या, मी हाय."

दुपारी चार वाजता आम्ही रांगेत उभे राहिलो. ऊन लख्ख होते, मैदानाच्या कडेला माणसांची दाटी होती. नायबांनी दहा नावे वाचली, मग अकरावे, "गुलाब." डाव्या अंगाने उत्तर आले, "हाजिर!" तोच खणखणीत आवाज. नायबांनी वही मिटली, मान वर केली, आणि मग आम्ही सगळ्यांनीच तिकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. लिंबाच्या झाडामागे असेल असे वाटून एकजण बघूनही आला. तेवढ्यात भट्टीवरचा एक माणूस बोडक्या डोक्याने धावत आला. "गुलाब गेला," तो म्हणाला. "बारा वाजताच गेला."

"आत्ता तर..." एवढेच नायब म्हणाले.

नाव खोडणे हे वस्तादांचे काम. जमादारसाहेबांनी वही मागून घेतली, पेन्सिल त्या नावावर टेकवली, आणि तशीच बराच वेळ धरून ठेवली. मग वही परत दिली. "नायब, इसका नाम मैं नहीं काटता. तुम पढते जाओ."

पुढच्या शुक्रवारी डाव्या बॅकच्या जागी दुसरा गडी आला, त्याचे नाव अकरावे झाले आणि गुलाबचे बारावे. नायबांनी ते वाचले. उत्तर आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आले. वाचणाऱ्यांना वाटेल की कधी येत असेल, कधी भास होत असेल. तसे नाही. दर शुक्रवारी आले.

दोनेक वर्षांनी जमादारसाहेबांची नजर अधू झाली आणि त्यांनी खुर्ची सोडली. आता वस्ताद कोण, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. गाव हलगी वाजवीत, हार घेऊन मैदानावर आले. नायबांनी हात जोडले आणि नाही म्हणाले.

"कावून न्हाई म्हनता?" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

"मला वाचता येतं, लिहिता येत न्हाई," नायब म्हणाले.

अहो, निम्म्या गावाच्या अर्ज्या ज्यांनी लिहून दिल्या, ज्यांचे अक्षर पाहून आमचे तहसीलदारसाहेब मान डोलावीत, ते नायब हे बोलत होते! लोकांना हा धडधडीत अपमान वाटला. हार गोलाच्या खांबाला घालून मंडळी निघून गेली. दुसऱ्या दिवशी नायबांच्या दारावर कोणीतरी फुटका फुटबॉल टांगला. रस्त्याने जाताना मागून आरोळी येई, "कायमचे नायब!" काल जे त्यांना डोक्यावर घेणार होते तेच आज त्यांना पळपुटे म्हणू लागले. खेळाच्या वेड्यांची जात अशीच. मीही त्यात होतो, खोटे कशाला सांगू?

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला गूळ-पाणी दिले आणि पुरते ओरडून घेऊ दिले. मग म्हणाले, "माधवा, मी वस्ताद झालो तर वही नवी करावी लागती. त्यात गुलाबचं नाव लिहू का नको, तूच सांग. लिहिलं, तर गेलेल्या मानसाला मी माज्या हातानं पुन्हा रांगेत उभं केलं. न्हाई लिहिलं, तर माज्या हातानं त्याला मैदानाबाहेर काढलं. मी त्याला 'हाजिरीला ये' म्हनलो नसतो तर तो तसा उठून आलाच नसता. त्यानं शब्द पाळला. आता नाव घ्यायचं मी सोडलं, तर माजा शब्द गेला." त्या दिवसापासून नायबांविरुद्ध बोलणाऱ्याशी मी भांडत आलो आहे.

मग हैदराबादहून नवे वस्ताद आले. बूट घालणारे, शिट्टी वाजवणारे, शिस्तीचे. त्यांनी कोरी वही केली आणि अकरा नावे लिहिली. जुनी वही त्यांनी नायबांकडे भिरकावली. त्या शुक्रवारी नायबांनी अकरा नावे वाचली आणि ते तसेच उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डावीकडूनही काही आले नाही. त्यानंतर दीड महिन्यात तीन डावे बॅक बदलले. पहिला म्हणाला, माझ्या जागेवर आधीच कोणीतरी उभे असते. दुसऱ्याने कारणच सांगितले नाही. तिसरा म्हणाला, "पाय धुताना घोट्यापर्यंत चुना निघायलाय. रेघेला तर मी पायबी लावत न्हाई."

आणि एके दिवशी बातमी आली की नायब माजलगावला गेले, तिथल्या संघाचे नायब झाले. जुनी वही बरोबर घेऊन गेले. आमच्या गावाने त्यांना काय काय म्हटले ते या ग्रंथात छापता यायचे नाही. नमकहराम हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. गाढवाच्या गळ्यात 'नायब' अशी पाटी अडकवून त्याला बाजारातून फिरवले गेले. तेलगाव माजलगावच्या जवळ, म्हणून घरच्या ओढीने गेले असतील असे काही भले लोक म्हणत. खरे कारण एवढेच होते की माजलगावच्या वस्तादांनी त्यांना ती जुनी वही वाचायची मोकळीक दिली होती. जिथे वही तिथे गुलाब, असे नायबांना वाटले.

ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली. सिंदफणेच्या काठी माजलगावशी आमचा सामना होता. समोर नायब उभे. त्यांनी माजलगावची अकरा नावे वाचली, मग काखेतली जुनी वही उघडली आणि हाक दिली, "गुलाब."

उत्तर त्यांच्या रांगेतून आले नाही. आमच्या बाजूने आले. माझ्या डावीकडून, सहा-सात पावलांवरून. "हाजिर!" आमचा डावा बॅक जागा सोडून धावत आला आणि त्याने मला मिठीच मारली. पलीकडे नायब वही हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. त्या सामन्यात कोण जिंकले ते मला विचारू नका, माझ्या गोलात तीनदा चेंडू गेला एवढे आठवते. "तो जागा सोडून गेला न्हाई," नायब नंतर मला म्हणाले, "मीच त्याला सोडून आलो होतो."

आठ दिवसांत ते परतले. आता चिडायची पाळी माजलगावकरांची होती. त्यांनी नायबांची ट्रंक बैलगाडीतून उतरवून ठेवली, तेव्हा ती डोक्यावर घेऊन नायब चालत निघाले. इकडे आमचे वीर हातात जोडे घेऊन वेशीत थांबलेले. नायब त्यांच्यामधून, खाली मान घालून, सरळ मैदानावर गेले. शुक्रवार होता. ते बूटवाल्या वस्तादांना म्हणाले, "मला नायबच ठेवा. एकच मागनं हाय. तुमची अकरा नावं झाल्यावर या वहीतलं एक वाचू द्या." वस्ताद मोठ्याने हसले. "पढो, पढो!" म्हणाले.

नायबांनी वाचले. उत्तर आले.

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. जे जोडे उगारून मागे आले होते त्यांनी ते हळूच खाली ठेवले आणि अनवाणी उभे राहिले. बारावे नाव पुकारताना आमच्या मैदानावर सगळे पायताण काढून उभे राहतात, याचे परगावच्या लोकांना नवल वाटते. ती रीत त्या दिवशी पडली. नायबांना पुन्हा कोणी पळपुटे म्हटले नाही. पुढे आणखी वस्ताद आले आणि गेले, बीडहून बोलावणे आले, परळीहून आले, तरी नायब नायबच राहिले. आता गाव त्यांना त्याच नावाने मुजरा करते.

त्यांच्या मायेची एकच गोष्ट सांगतो. गुलाबची आई, सखूबाई, पुढे कित्येक वर्षे दर शुक्रवारी मैदानावर येई. नायब स्वतः तिला हाताला धरून आणीत आणि डाव्या रेघेशी आपले उपरणे अंथरून बसवीत. सगळ्या गावाला ऐकू येई ते तिला मात्र कधीच ऐकू आले नाही. मी एकदा न राहवून विचारले, मग येता कशाला? ती म्हणाली, "मला न्हाई ऐकू येत, लेकरा. पन नाव घेतल्यावर तुमची तोंडं दिसत्यात. तेवढ्यावर घरी जाते." तिला शेवटच्या आजारात पाणी पाजले ते नायबांनीच.

गेल्या हिवाळ्यात नायबांचा घसा बसला. तीन शुक्रवार ते अंथरुणावर होते आणि वही माझ्याकडे होती. मी तिन्ही शुक्रवारी बारावे नाव वाचले. वकिलीत कमावलेला आवाज लावून वाचला. काही आले नाही. माणसे पायताणे घालून, एकमेकांकडे न बघता घरी गेली. मला वाटले, संपले, आता तो गेला, आणि घरी येऊन मी रडलो, लाज वाटत नाही सांगायला. चौथ्या शुक्रवारी नायब शाल गुंडाळून आले. आवाज कसला, नुसती कुजबुज होती. समोरच्या रांगेलाही ती ऐकू गेली नसेल. डावीकडून मात्र उत्तर आले, खणखणीत, पहिल्यासारखे.

परत जाताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "उघड," म्हणाले. गुलाबच्या नावाखाली, त्या मोत्यासारख्या अक्षरात, तेरावे नाव लिहिलेले होते. शेषेराव. ज्यांना उभ्या जन्मात लिहिता येत नव्हते त्यांनी ते लिहिले होते. "पुढं तुला दोन वाचावी लागतील," ते शांतपणे म्हणाले. "मी उत्तर देतो. गुलाबलाबी द्यायला लावतो."

मी वही मिटून त्यांच्याच काखेत परत खोचली आणि म्हणालो, "नायब, मला लिहिता येतं, वाचता येत नाही."

ते खोकला येईपर्यंत हसले.

म्हणून हा लेख लिहून दिला. माझ्याकडून होण्यासारखे होते ते एवढेच. वाचायचे काम त्यांचे आहे आणि ते दुसऱ्या कोणाला जमत नाही, हे तीन शुक्रवारी सगळ्या गावाने पाहिले आहे. तेव्हा नायब, घसा सांभाळा, गार पाणी पिऊ नका, शाल टाकून फिरू नका, आणि शंभर वर्षे धडधाकट राहा. येत्या शुक्रवारी चार वाजता आम्ही पायताण काढून उभे आहोत. तुम्ही नाव घ्या.