अण्णांच्या फळीवरचा कीबोर्ड

स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ आली होती: सीडीवरून सुरू करायचं असेल तर कुठलंही बटण दाबा. मी एंटर दाबलं. मग स्पेस. मग हाताला येईल ते. चार-पाच सेकंदांत ती ओळ निघून गेली आणि स्क्रीन काळी झाली.

"जोरात दाब की," मागून अण्णा म्हणाले.

"जोराचा प्रश्न नाही अण्णा. त्याला कीबोर्डच दिसत नाहीये."

येरमाळ्यात हायवेला अण्णांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. कॉम्प्युटर एकच. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दुपारी तिथं काम करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे 'मला येतं' असं म्हणायला मला जरा वेळच लागतो. त्या दिवशी मात्र म्हणून बसले होते. सकाळपासून विंडोज उघडत नव्हती. अण्णा बार्शीच्या मेकॅनिकला फोन लावत होते. तो कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेला की चार दिवस परत येत नाही. मी म्हटलं, "फाइली पेनड्राइव्हवर आहेत. नवी विंडोज मी टाकते."

बाकावर सुमनमावशी आणि त्यांची मुलगी वैष्णवी बसल्या होत्या. वैष्णवीचा नर्सिंगचा प्रवेशअर्ज त्याच संध्याकाळी सहाला बंद होणार होता.

"व्हईल का गं तुझ्यानं?" मावशींनी विचारलं होतं. "न्हाय तर सव्वातीनच्या गाडीनं आमी कळंबला जातो."

"थांबा मावशी. होईल," मी म्हणाले. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली, आणि त्यानंतर हे बटण दाबायचं आलं.

कीबोर्ड मागच्या पोर्टला लावून पाहिला. तेच. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून दुसरा आणला. तोही मुका. दोन्ही कीबोर्ड एकदम बिघडणार नाहीत, म्हणजे दोष कॉम्प्युटरच्या आत होता. पण काल तर याच कीबोर्डवर मी दहा फॉर्म भरले होते.

काल विंडोज चालू होती. आज नव्हती. विंडोजच्या आधी, कॉम्प्युटर उठल्या उठल्या एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बायोस म्हणतात. कीबोर्ड आधी त्याला ओळखू यावा लागतो. तिथं मला आठवलं.

महिन्यापूर्वी मीच बायोसमध्ये गेले होते. लोडशेडिंगनंतर लाइट आली की गिऱ्हाइकं ताटकळायची, म्हणून व्हिडिओ बघून मी फास्ट बूट, म्हणजे कॉम्प्युटर झटपट उठवणारं सेटिंग, चालू केलं. त्यात वेळ वाचवायला एक गोष्ट बंद होते, ती म्हणजे विंडोजच्या आधी यूएसबी तपासणं. आमचा कीबोर्ड यूएसबीचा, शेजारून आणलेलाही. सेटिंग बदलायला बायोसमध्ये जायचं, आणि तिथं जायला कीबोर्ड पाहिजे.

"अण्णा, चूक माझीच आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"मग आता निस्तर."

डब्याच्या मागं एक जांभळं गोल भोक होतं. जुन्या काळच्या गोल पिनच्या कीबोर्डाचं. तो यूएसबीवर अवलंबून नसतो. आणि तसला कीबोर्ड मी रोज बघत होते. सेंटर सुरू केलं तेव्हाचा पहिला कीबोर्ड अण्णांनी देवाच्या फळीवर ठेवला होता. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. 'हा भंगारात द्या' असं मी एकदा म्हणाले होते. तेव्हा अण्णा दिवसभर बोलले नव्हते.

"अण्णा, तो फळीवरचा द्याल?"

"कशाला? भंगारात घालायला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णांनी चपला काढल्या, हात जोडले आणि कीबोर्ड खाली उतरवला. बटणांच्या फटीत कुंकू बसलं होतं. पिन पुसून दिली. हा कीबोर्ड चालू कॉम्प्युटरला लावायचा नसतो, म्हणून आधी मेन स्विच बंद केला. मग लावला, चालू केलं आणि डिलीटचं बटण दाबत राहिले.

बायोसची निळी स्क्रीन आली.

"आलं?" अण्णा.

"आलं."

फास्ट बूट बंद केलं, यूएसबी चालू केलं, सेव्ह केलं. पुन्हा तीच ओळ आली. या वेळी आमच्या रोजच्या कीबोर्डावरच एंटर दाबलं. विंडोज चढायला पाऊण तास गेला, नेट जोडायला थोडा. पाच चाळीसला वैष्णवीच्या फॉर्मची पावती प्रिंटरमधून बाहेर आली.

मावशींनी ती वैष्णवीकडून वाचून घेतली, दोनदा. "मला वाटलं, गाडी बी गेली आन् फॉर्म बी," त्या म्हणाल्या. "लई हिकमती हाय गं तू." घरी जाऊन मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं.

नंतर कळलं, मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून परत बसवला असता तरी काम झालं असतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आता विंडोज काढायच्या आधी मी बायोस उघडून बघते, कीबोर्ड चालतो का. दोन मिनिटं लागतात.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णांनी ताट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तू कर." मी फळीवरच्या कीबोर्डाला हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. त्याआधी गोल पिनेला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती.