दोन बादल्या आणि एक तंबू

हा गाढवपणा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. पण तुम्ही चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका.

मी मूळचा नागपूरचा, नोकरी आयर्लंडमधल्या लिमरिकच्या एका औषध कारखान्यात. आम्हा सहा जणांचं कंपनीच्या फिनलंडमधल्या प्लांटला जायचं ठरलं, आणि तिथे गोठलेल्या तळ्यावर मासेमारीचा कार्यक्रम. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, हे आधी कुणी केलंय का? माझा हात वर गेला. का गेला, मला विचारू नका. नागपूरकराने बर्फ पाहिलेला असतो तो उसाच्या रसातला!

मग काय, निस्तरणं आलं. बर्फावर मांडायचा घडीचा तंबू ऑनलाइन मागवला. तो छत्रीसारखा उघडतो आणि त्याला तळ नसतो, कारण बर्फाला भोक पाडून आतूनच गळ सोडायचा असतो. इथली तळी काही गोठत नाहीत. म्हणून शनिवारी सकाळी मागच्या अंगणात तंबू ठोकला आणि भोकांच्या जागी पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या. हातभर लांबीच्या दोन काठ्या, दोन दोऱ्या, टोकाला घंटी. मासा म्हणून गाजर. तासाभरात दोन्ही दोऱ्या एकमेकींत गुंतल्या आणि गळाला लागला माझाच स्वेटर.

तेवढ्यात झिप उघडून शेजारच्या मोयराकाकू डोकावल्या. त्यांचा मुलगा आमच्याच प्लांटमध्ये. म्हणजे त्यांना खरं सांगणं आणि कँटीनमध्ये दवंडी पिटणं एकच.

काकूंनी विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, "ग्रँड," म्हणजे एकदम झकास. आता इथे घराला आग लागली तरी माणूस ग्रँडच म्हणतो, त्यामुळे त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. त्यात थंडीने माझं नाक वाहत होतं, डोळे लाल. किती दिवस बाहेर आहेस, असं त्यांनी हळूच विचारलं. पुढच्या शनिवारपर्यंत, असं मी सांगून टाकलं. त्या दिवशी फिनलंडला निघायचं होतं, तोवर रोज सराव करायचाच होता ना!

दहा मिनिटांत गरम सूप आलं. मग रग. दुपारी त्यांचे यजमान आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायकांचा राग निवळतो रे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. खरं सांगावं की गप्प बसावं? मी गप्प बसलो. वर एक उसासाही टाकला.

रविवारी मुग्धा, म्हणजे आमची बायको, दुकानातून तणतणत आली. गल्लीत कुणी तिच्याकडे बघून हसेना. एका आजीबाईंनी तर तिला थांबवून सांगितलं म्हणे, की चुकला असेल बिचारा, पण आता घरात घे त्याला.

"अरे, मी तुला घराबाहेर काढलंय?" एवढंच ती म्हणाली आणि मला ओढत मोयराकाकूंच्या दारात घेऊन गेली. मीटिंग, फिनलंड, बादल्या, गाजर, मी सगळं सांगितलं. काहीही शिल्लक ठेवलं नाही.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुग्धाचा हात हातात घेतला.

"मग पोरी, तूच ये आमच्याकडे राहायला."

सोमवारी प्लांटमध्ये माझ्या टेबलावर पाण्याची बादली होती. आत सार्डिन माशांचा डबा. माझ्या नावावर आजवर तेवढीच मासळी आहे.